मॉडबसच्या ओपन सोर्स प्रोजेक्टला हातभार लावायचाय? मग आधी मीटरचे बाइट्स पकडा

ओपन सोर्समध्ये कॉन्ट्रिब्यूट करायचं म्हटलं की लोक गिटहबवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यांना जमेल असं काम) हे लेबल शोधत बसतात. वेब फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टला ते चालून जातं, इंडस्ट्रियल ऑटोमेशनमध्ये गणित जरा वेगळं आहे. इथे कोड लिहिणारे मिळतात, पण मेंटेनरकडे, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याकडे, तुमच्या पॅनलमधला एनर्जी मीटर नसतो, तुमचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) नसतो, मीटरची सीरियल वायर लॅपटॉपला जोडणारा तो दोनशे रुपयांचा यूएसबी-आरएस-४८५ कन्व्हर्टर पण नसतो. बग मात्र नेमका त्यातच असतो. त्यामुळे भोसरी, चाकण नाहीतर अंबडला कमिशनिंग (नवीन मशीन बसवून चालू करून देणं) करणारा आणि कामापुरतं पायथन येणारा माणूस या बाबतीत निव्वळ कोडिंगवाल्याच्या दोन पावलं पुढे आहे, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

उदाहरण म्हणून पायमॉडबस घेऊ. मॉडबस प्रोटोकॉल, म्हणजे कारखान्यातल्या उपकरणांची आपसात बोलायची पद्धत, १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आणला, वापरायला लायसन्स फी नाही, म्हणून आजही स्वस्तातल्या स्वस्त मीटरपासून मोठ्या पीएलसीपर्यंत (मशीन चालवणारा इंडस्ट्रियल कंट्रोलर) सगळीकडे सापडतो. पायमॉडबस ही त्याची पायथन लायब्ररी, क्लायंट (विचारणारा) आणि सर्व्हर (उत्तर देणारा) दोन्ही आहेत, बीएसडी हे मोकळं लायसन्स आहे, आणि होम असिस्टंट या घरातली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं मॉडबस इंटिग्रेशन तिच्यावरच चालतं. म्हणजे इथे केलेली छोटीशी दुरुस्ती कुणाच्या तरी सोलर इन्व्हर्टरपर्यंत जाते, आणि घातलेला घोळही तिथपर्यंत जातो.

सेटअपला फार वेळ घालवू नका. रेपो (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) फोर्क करा म्हणजे आपल्या खात्यात कॉपी करा, क्लोन करून मशीनवर आणा, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा आणि डेव्हलपमेंटच्या डिपेन्डन्सीज टाकून एडिटेबल मोडमध्ये इन्स्टॉल करा. काम ‘डेव्ह’ ब्रँचवर चालतं, मास्टरवर रिलीज झालेला कोड असतो, तेव्हा आपली ब्रँच डेव्हवरून काढायची. एका ओळीलाही हात लावायच्या आधी सगळ्या टेस्ट एकदा चालवून बघा, कारण त्या तुमच्या मशीनवर आधीच फेल होत असतील तर नंतर आपण काय मोडलं तेच कळत नाही.

हार्डवेअर नाही म्हणून थांबायची गरज नाही. पायमॉडबसमध्येच सिम्युलेटर आहे, जेसॉन फाइलमध्ये रजिस्टर (मीटर ज्यात आकडे ठेवतो ते नंबर दिलेले कप्पे) लिहून दिले की तो मीटर असल्याचं सोंग घेतो. खऱ्या पीएलसीसारखं काहीतरी हवं असेल तर ओपनपीएलसी हे फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर टाका, लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम) लिहा आणि मॉडबस टीसीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, ५०२ पोर्टवर जोडा. त्यातलं पहिलं आउटपुट कॉइल (चालू-बंद एवढंच सांगणारा एक बिट) शून्यवर मिळतं आणि मेमरी वर्ड १०२४ नंबरच्या होल्डिंग रजिस्टरपासून (वाचता आणि लिहिता येणारं रजिस्टर) सुरू होतात. हे दुसरं माहीत नसेल तर माणूस शून्यापासून वाचत बसतो आणि लायब्ररीला शिव्या देतो.

आता मुख्य भाग. व्हॅल्यू चुकीची येतेय म्हणजे बग लायब्ररीत आहे असं लगेच समजू नका, बहुतेक वेळा नसतोच. चौकशी खालून वर करा, म्हणजे आधी वायर, मग बाइट्स, मग अर्थ.

समजा ज्याचा पत्ता १ आहे अशा मीटरकडून पहिले दोन होल्डिंग रजिस्टर मागायचेत, तर सीरियल लाइनवर ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी हे आठ बाइट्स जायला हवेत. पहिला बाइट पत्ता, दुसरा फंक्शन कोड (काय करायचं ते), मग कुठल्या रजिस्टरपासून, मग किती हवेत ते, शेवटचे दोन सीआरसी, म्हणजे वाटेत बाइट्स बिघडले का ते तपासायचे. उत्तर ०१ ८३ ०२ असं सुरू झालं तर मीटर जिवंत आहे, तो सांगतोय की अशा पत्त्याचं रजिस्टर माझ्याकडे नाही. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते मॅन्युअलमधल्या ४०००१ मुळे, कारण तो कागदावरचा नंबर आहे, वायरवर त्याचा शून्य होतो. काही मॅन्युअल थेट वायरवरचा पत्ता छापतात, काही छापत नाहीत, आणि काही मॅन्युअलमध्ये दोन्ही पद्धती एकाच तक्त्यात असतात, त्याला काय बोलणार. एकने मागे-पुढे करून बघा, अर्धे ‘बग’ तिथेच मिटतात.

काहीच उत्तर आलं नाही तर ती गोष्ट वेगळी. ए-बी वायर उलट आहेत का, बॉड रेट (वायरवरचा वेग) आणि पॅरिटी (चूक तपासायचा बिट) जुळते का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. पण दोन गोष्टी सहसा कुणी बघत नाही. एक म्हणजे काही टू-वायर कन्व्हर्टर आपणच पाठवलेले बाइट्स परत आपल्याला देतात, लायब्ररीला वाटतं उत्तर आलं. पायमॉडबसमध्ये यासाठी लोकल एकोचा पर्याय आहे. दुसरी म्हणजे टायमिंग. आरटीयूमध्ये (सीरियल वायरवरचा मॉडबस) दोन फ्रेमच्या, म्हणजे दोन संदेशांच्या, मध्ये साडेतीन कॅरेक्टर इतकी शांतता लागते, ९६०० बॉडला ती साधारण ४ मिलिसेकंद होते, आणि एफटीडीआय चिपवाल्या कन्व्हर्टरचा लेटन्सी टायमर (आलेले बाइट्स किती वेळ साठवून ठेवायचे ते) डिफॉल्ट १६ मिलिसेकंदांवर असतो. त्यामुळे बाइट्स तुकड्यातुकड्यांनी आणि उशिरा येतात, टाइमआउट अगदी कमी ठेवला असेल तर कधी चालतं कधी नाही असा प्रकार होतो. ‘कधी कधी’ होणारा बग रिपोर्ट करायच्या आधी कन्व्हर्टर बदलून बघाच.

तिसरी पायरी अर्थाची. रजिस्टर १६ बिटांचं, व्होल्टेज मात्र ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश आकडा), म्हणजे दोन रजिस्टर जोडायची, पण आधी कुठलं हे मॉडबसच्या स्पेसिफिकेशनने ठरवलेलंच नाही. २३० व्होल्ट म्हणजे हेक्समध्ये ४३६६ आणि ००००. एक कंपनी त्या क्रमाने पाठवते, दुसरी उलट, आणि उलट्या क्रमाचा सरळ अर्थ लावला तर इतका बारीक आकडा येतो की स्क्रीनवर शून्यच दिसतं. बाइट्स बरोबर असतील तर तो लायब्ररीचा बग नाही, रजिस्टरवरून व्हॅल्यू काढणाऱ्या फंक्शनला वर्ड ऑर्डर सांगता येतो, तो सांगा.

एवढं सगळं करूनही घोळ उरला तर मग तो खरा माल आहे. आता डीबग लॉगिंग चालू करा, पायमॉडबस गेलेले आणि आलेले बाइट्स हेक्समध्ये दाखवतो. टीसीपी असेल तर वायरशार्क या नेटवर्क पकडणाऱ्या टूलची कॅप्चर फाइल घ्या. मग गिटहबवर इश्यू (बगची तक्रार) उघडा आणि त्यात पायथनचं व्हर्जन, लायब्ररीचं व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टम, मीटरचं मॉडेल, घोळ दाखवणारा दहा-पंधरा ओळींचा कोड आणि तो लॉग टेक्स्ट म्हणून टाका, स्क्रीनशॉट नको, मोबाइलने काढलेला मॉनिटरचा फोटो तर नकोच नको. नुसता प्रश्न असेल तर इश्यू उघडू नका, तिथे डिस्कशन्सचा भाग वेगळा आहे. आणि पोस्ट करायच्या आधी लॉगमधून प्लांटचं नाव, आयपी पत्ते, टॅगची नावं काढून टाका. मीटरचं मॅन्युअल उचलून तिथे चिकटवू नका, त्याचा कॉपीराइट कंपनीचा असतो, कुठलं पान आणि काय लिहिलंय ते आपल्या शब्दात सांगा.

एक गोष्ट ठासून सांगतो. टेस्ट करताना चालू मशीनवर राइट करायचं नाही. फंक्शन कोड ५, ६, १५, १६ हे लिहिण्याचे कोड फक्त टेबलावरच्या मीटरसाठी किंवा सिम्युलेटरसाठी. वाचणं पण निर्धोक समजू नका, आरटीयू लाइनवर मास्टर (प्रश्न विचारणारा) एकच असतो, स्काडा (प्लांटवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) आधीच पोल करत, म्हणजे मीटरला सारखं विचारत, असताना मध्ये तुमचा लॅपटॉप बोलायला लागला तर दोघांचेही फ्रेम फुटतात आणि मेंटेनन्सवाले तुम्हाला शोधत येतात. शटडाउनमध्ये करा, परवानगी घेऊन करा.

कोड लिहायची वेळ आली की आधी टेस्ट लिहा. पकडलेले बाइट्स हीच टेस्ट असते, ते बाइट्सचा अर्थ लावणाऱ्या डिकोडरला द्या, टेस्ट फेल होताना दाखवा, मग दुरुस्ती करा. असा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल सामावून घ्या अशी विनंती) मेंटेनर मीटर न बघता तपासू शकतो. त्यात एकच विषय ठेवा, जाता जाता चार फाइलींचं फॉरमॅटिंग बदलू नका, रफ आणि मायपायसारखे कोड तपासणारे चेक आधी स्वतःच्या मशीनवर चालवा. आणि एका मीटरचा विचित्रपणा सांभाळायला लायब्ररीच्या गाभ्यात ‘हे मॉडेल असेल तर’ अशी अट घालू नका, ती नाकारली जाणार आणि नाकारलीच पाहिजे, नाहीतर जगातल्या प्रत्येक मीटरची अट आत येईल.

कोड जमत नसेल तर डॉक्युमेंटेशन आहेच, आणि माझ्या मते ते कमी प्रतीचं काम अजिबात नाही. या लायब्ररीत मीटरचा पत्ता देणाऱ्या आर्ग्युमेंटचं नाव आधी युनिट होतं, मग स्लेव्ह झालं, आता डिव्हाइस आयडी आहे. पेलोड डिकोडर नावाचा जुना क्लासही मागे पडला. नेटवरची निम्मी उदाहरणं त्यामुळे नव्या व्हर्जनवर एरर देतात. एखादं उदाहरण नीट चालवून, त्यातली अस्पष्ट ओळ सुधारून पाठवलेला पीआर शेकडो लोकांचा वेळ वाचवतो.

कंपनीत नोकरी असेल तर ऑफर लेटरमधलं बौद्धिक संपदेचं कलम वाचा आणि मॅनेजरकडून मेलवर होकार घ्या, तोंडी नको. जीपीएल लायसन्सचा कोड उचलून बीएसडीच्या प्रोजेक्टमध्ये टाकू नका, दोघांच्या अटी वेगळ्या असतात, एआयने लिहून दिलेला कोड असेल तर तो ओळ न ओळ समजल्याशिवाय पाठवू नका.

आणि उत्तर चार दिवसात आलं नाही म्हणून ‘एनी अपडेट?’ लिहू नका. हे लोक बहुतेक फावल्या वेळात काम करतात. अपाची पीएलसी४एक्स हा असाच एक प्रोजेक्ट, सीमेन्सच्या एस७ पासून मॉडबसपर्यंत बऱ्याच पीएलसींशी बोलणारा. तो सुरू करणाऱ्या क्रिस्टोफर डुट्झ यांनी जानेवारी २०२२ मध्ये जाहीर करून टाकलं की कंपन्या वापरतात पण काहीच परत देत नाहीत, त्यामुळे फुकट सपोर्ट बंद. तिथे कॉन्ट्रिब्यूट करायला गेलात तर एक लक्षात ठेवा, ड्रायव्हरचा बराच कोड स्पेसिफिकेशनच्या फाइलींमधून जनरेट होतो, दुरुस्ती त्या फाइलीत करायची, जनरेट झालेल्या कोडमध्ये केली तर पुढच्या बिल्डला पुसली जाते.

रिव्ह्यूमध्ये बदल सांगितले तर त्याच ब्रँचवर कमिट करून पुश करा, नवीन पीआर उघडू नका. मर्ज झाल्यावरही (बदल प्रोजेक्टमध्ये घेतला गेल्यावर) साइटवर लगेच डेव्ह ब्रँच टाकू नका, रिलीज येऊ द्या, चेंजलॉगमध्ये आर्ग्युमेंटची नावं बदललीत का ते बघा, रिक्वायरमेंट्सच्या फाइलीत नेमकं व्हर्जन लिहून लॉक करा आणि टेबलावरच्या मीटरवर एक रात्र चालवून मग पॅनलमध्ये न्या.