ब्रेक ऑइल बदलल्यावर पेडल स्पंजसारखं: चूक निप्पलच्या जागेत होती

सील बदलायला माझ्या एसयूव्हीचे पुढचे दोन्ही कॅलिपर (चाकातली डिस्क दाबून धरणारे ब्रेकचे भाग) काढले, परत बसवले, नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरलं. पण पेडल मऊ. दोन-तीनदा पंप केलं तरच कडक. चारही चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा तीनदा काढली, लिटरभर ऑइल संपलं. दोन रविवार वाया गेले आणि बायको वैतागली ती वेगळीच.

शेवटी टॉर्च मारून पाहिलं, तर पुढचे निप्पल (कॅलिपरवरचे हवा काढायचे छोटे स्क्रू) खालच्या बाजूला! डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झालेला. हवा वर अडकते, खालून निघणार कशी?

कॅलिपर आपापल्या जागी लावले, होजचे (कॅलिपरला ऑइल नेणाऱ्या नळीचे) तांब्याचे वॉशर नवे टाकले. मग हवा काढायला घेतली, ब्रेक ऑइलच्या टाकीपासून लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. (गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच धरा.) पारदर्शक नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं. बायकोने पेडल सावकाश दाबून धरायचं, मी निप्पल पाव फेरा उघडून बंद करायचा, मगच तिने पाय उचलायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. टाकीतली पातळी ‘मिन’खाली जाऊ दिली नाही, हवा ओढली गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पेडल पहिल्याच दाबात कडक. रंगावर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो. माझा थोडा उडालाच.