हातोडा उचलण्याआधी: बाथरूम पर्यावरणस्नेही करताना या चुका टाळा

नवी मुंबईत नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. गच्चीवरची टाकी आमच्या शॉवरपासून जेमतेम ३ मीटर वर. बाथरूम नव्याने करायचं ठरलं तेव्हा मी मोठ्या हौसेने पाणी वाचवणारा शॉवर आणला. प्लंबरने बसवला, कॉक फिरवला, आणि पिंडीवर अभिषेकाची धार धरावी तसं पाणी पडू लागलं. साबण निघता निघेना. पंधरा दिवसांत घरात प्रेशर पंप आला. पाणी वाचवायला निघालेला माणूस विजेचा खर्च गळ्यात घेऊन बसला, आणि पाणीही आधीपेक्षा जास्त जायला लागलं.

खरं तर हिशोब सोपा होता. टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर नळाला साधारण १ बार दाब मिळतो. ३ मीटरला ०.३. शॉवरच्या खोक्यावर किमान किती दाब हवा ते छापलेलं असतं. मी फक्त किंमत आणि हिरवं पान पाहिलं. ठाण्यात घोडबंदर रोडच्या उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर याच्या उलट तक्रार असते, नळ उघडला की अंगावर उडतं. तिथे शंभर-दीडशे रुपयांचा एरेटर (नळाच्या तोंडाला लावायची, पाण्यात हवा मिसळणारी जाळी) जे काम करतो ते महागडा शॉवरही करत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी बादली घ्या. १५ लिटरची बादली नळाखाली धरा, मोबाईलवर वेळ लावा. एका मिनिटात भरली तर मिनिटाला १५ लिटर पाणी येतंय; तिथे एरेटर लावून निम्मं करता येईल. भरायला तीन मिनिटं लागत असतील तर वाचवण्यासारखं तिथे काही नाही, आधी पाईप आतून गंजला आहे का ते बघा. जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपांत हे हमखास निघतं. आणि नळाची धार अचानक बारीक झाली तर लगेच प्लंबरला फोन नको. एरेटरची जाळी हाताने फिरवून काढा, टाकी धुतल्यानंतरचा गाळ त्यात अडकलेला असतो.

(आपली बादली-तांब्याची आंघोळ २० लिटरांत उरकते. मिनिटाला १० लिटरच्या शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं की ८० लिटर. इतकं सांगून मी हा विषय सोडतो, घरात यावरून वाद आहेत.)

कमोडचं भांडं तेच, टाकी नवी

ही चूक चांगली चांगली माणसं करतात. जुनी टाकी एका फ्लशला १० लिटर सोडते, म्हणून फक्त टाकी बदलून ३ आणि ६ लिटरची दोन बटणांची लावतात. पण जुनं भांडं १० लिटरच्या लोंढ्यासाठी घडवलेलं असतं. ६ लिटरमध्ये ते साफ होत नाही, मग घरातले दोनदा दाबतात. ६ दुणे १२. टाकीत पाण्याची बाटली ठेवण्याच्या युक्तीचंही असंच होतं. भांडं आणि टाकी जोडीनेच घ्या.

घेण्याआधी टेप लावा. एस ट्रॅप, म्हणजे मैला खाली जमिनीत जाणारा कमोड असेल तर भिंतीच्या टाईलपासून जमिनीतल्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. पी ट्रॅप, म्हणजे मागे भिंतीत जाणारा असेल तर जमिनीपासून भिंतीतल्या भोकाच्या मध्याची उंची. हे न मोजता सुंदर कमोड घरी आणला, की मिस्त्री शांतपणे म्हणतो, "साहेब, लाईन सरकवावी लागेल." लाईन सरकवायची म्हणजे खालचा कोबा, म्हणजे टाईलखालचा विटा-सिमेंटचा भराव फोडायचा. एका मापापायी अख्खं काम वाढतं.

नवीन टाकीही गळू शकते, आणि ती मुकाट गळते. टाकीत खायचा रंग किंवा थोडी हळद घाला, फ्लश न करता वीस मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर बसलेला नाही. वॉशर स्वस्त असतो, रात्रंदिवस गटारात जाणारं पाणी नवी मुंबईला पुरवठा करणाऱ्या मोरबे धरणातून आलेलं असतं.

सगळं फोडायची घाई

नूतनीकरण म्हटलं की ठेकेदाराचा पहिला शब्द "तोडून टाकू". ७ बाय ५ फुटांचं बाथरूम घ्या. संक स्लॅबमध्ये (बाथरूमखाली मुद्दाम खोल ठेवलेल्या स्लॅबमध्ये) ९ इंचांचा विटांचा कोबा असेल तर नुसत्या जमिनीतून २६ घनफूट माल निघतो, वजनाला टनाच्या वर. भिंतींच्या टाईल्स आणि प्लास्टर वेगळंच. हे सगळं गोण्यांत भरून जिन्याने खाली जातं, आणि पुढे कुठे जातं हे कोणी विचारत नाही. पाम बीच रोडकडेच्या कांदळवनात पडलेले डेब्रिजचे ढीग आकाशातून आलेले नाहीत. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आणि आपण बांबूच्या टूथब्रश स्टँडचं कौतुक करत त्याच खाडीच्या काठी आपल्या जुन्या टाईल्स पाठवतो. नियमांनुसार पाडकामाचा कचरा वेगळा ठेवून ठरलेल्या जागी देण्याची जबाबदारी तो करणाऱ्याची, म्हणजे आपली आहे. तेव्हा कोटेशनमध्ये "डेब्रिज उचलणे" एवढंच लिहून घेऊ नका. महापालिकेने ठरवलेल्या ठिकाणीच नेणार आणि पावती देणार, हे लिहून घ्या. वॉर्ड ऑफिसला आधी विचारलं तर जागाही कळते.

त्याहून बरं म्हणजे कमी फोडणं. खालच्या घरात ओल नसेल, टाईल्सवर नाण्याने ठोकल्यावर पोकळ आवाज येत नसेल, तर जुन्या टाईल्सवर अॅडेसिव्हने नव्या बसवता येतात. जमीन अर्धा-पाऊण इंच वर येईल, त्यामुळे दार खालून कापावं लागेल आणि नहाणी ट्रॅपची (जमिनीवरचं पाणी जिथून खाली जातं त्या भोकाची) जाळी वर घ्यावी लागेल, हे आधीच धरून चाला.

पण खाली ओल असेल तर टाईलवर टाईल म्हणजे फसवणूक आहे. आमच्याकडे नेमकं हेच झालं असतं. खालच्या काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचं नवीन होतंय ते छानच, पण आमच्या देवघरावर टपकतंय ते आधी बघा ना." बघितलं. ट्रॅपच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. मग जमीन पूर्ण उघडली, भिंतींना मात्र हात लावला नाही. भरावाला विटांच्या तुकड्यांऐवजी हलके सिपोरेक्सचे (हवेच्या बुडबुड्यांच्या काँक्रीटचे) ठोकळे घातले, स्लॅबवरचा भार कमी झाला.

वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून ठेवायची चाचणी कोणी उरकती घेतली तर अडून बसा. ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी, किमान ४८ तास, शक्यतो ७२. पाण्याच्या कडेला खडूने रेघ मारा आणि खालच्या घरचं छत रोज बघून या. ठेकेदार म्हणेल, एवढं पाणी वाया का घालवता? ७ बाय ५च्या जागेत ते १६०-१६५ लिटर होतं. चाचणी संपल्यावर आम्ही ते मगाने बादल्यांत भरलं आणि दोन दिवस दुसऱ्या संडासात ओतलं.

गिझर आणि तिसरा पाईप

१५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण ०.४४ युनिट वीज लागते. कंपनी कोणतीही घ्या, हे बदलत नाही. फरक पडतो तो तापवलेलं पाणी टाकीत पडून गार होण्याने. त्यामुळे स्टोरेज गिझर घेतला तर तारे जास्त असलेला घ्या, आणि तो नळाजवळ लावा. पाऊण इंची पाईप १० मीटर लांब असेल तर गरम पाणी येईपर्यंत अडीच लिटर गार पाणी दर वेळी मोरीत जातं.

ठाण्यातल्या काही टॉवरमध्ये गच्चीवरच्या सोलर हीटरच्या गरम पाण्याची लाईन थेट बाथरूमपर्यंत आलेली असते. नूतनीकरणात प्लंबर "हा पाईप वापरात दिसत नाही" म्हणून त्याला टोपी घालतो आणि वरून टाईल चढते. भिंतीत तिसरा पाईप दिसला तर आधी सोसायटीच्या ऑफिसात विचारा.

खिडकी बंद, अॅसिड चालू

डक्टकडची काचेच्या पट्ट्यांची खिडकी दिसायला वाईट, म्हणून तिच्यावरून फॉल्स सीलिंग उतरवतात आणि पंखा लावतात. जुलैमध्ये आपल्याकडच्या हवेत टॉवेलही वाळत नाही, तिथे बंद बाथरूमचं काय होणार? बुरशी येते, कोपरे काळे पडतात. लाकडी कपाट फुगतं, मग ते "नैसर्गिक" असो नाहीतर नसो. मग कोणीतरी अॅसिडची बाटली आणतं. अॅसिड काळं काढतं आणि टाईल्सच्या जोडांमधलं सिमेंटही खातं. दोन पावसाळ्यांत जोड मोकळे होतात, पाणी खाली उतरतं, आणि काकू पुन्हा जिन्यात भेटतात. जोडांमध्ये सिमेंटऐवजी एपॉक्सी (रेझिनचं भरण) भरून घेतलंत, खिडकीच्या दोन पट्ट्या उघड्या ठेवल्यात आणि आंघोळीनंतर वायपर फिरवलात तर बाटली लागत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना हे पटवायला मला बाथरूम बांधण्यापेक्षा जास्त दिवस लागले.