ग्राफिक्स शिकताना या चुका टाळा : काळी स्क्रीन, बंडीचं चाक आणि फक्कीची रेघ

पुण्यात गेम डेव्हलपमेंट शिकतोय आणि गेले तीन उन्हाळे सुट्टीत घरी आलो की दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत संध्याकाळी पोरापोरींना कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकवतोय. सहा-सात जण, दोन लॅपटॉप, एक कूलर. दर वर्षी पोरं नवीन येतात, चुका मात्र त्याच. म्हणून एकदाचं लिहून काढतो, कारण त्याच गोष्टी परत परत सांगण्यात सुट्टीचे निम्मे दिवस जातात आणि ते दिवस मला पुढचं शिकवायला पाहिजेत.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे मशीन काय झेपवू शकते ते न बघता व्हिडिओतला कोड चिकटवणं. आमच्या दोन लॅपटॉपपैकी एकात 2011 च्या जमान्यातलं इंटेल एचडी 3000 ग्राफिक्स आहे, विंडोजवर ते ओपनजीएल (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घ्यायचं तंत्र) 3.1 च्या पुढे जातच नाही, आणि धडे सगळे 3.3 चे. विंडोच उघडत नाही, मग पोरगं दोन तास स्वतःच्या कोडात चूक शोधत बसतं. त्याच मशीनवर लिनक्स टाकलं तर 3.3 मिळतं, आम्ही तेच केलं. कोणत्याही नवीन मशीनवर माझी पहिली ओळ ओपनजीएलची आवृत्ती आणि ग्राफिक्स कार्डचं नाव छापणारी असते. आणि ज्या व्हिडिओत जीएल-बिगिन, जीएल-एंड (चित्र काढायची जुनी पद्धत) दिसलं तो लगेच बंद करा. ते 2008 मध्येच कालबाह्य ठरवलंय आणि 2009 च्या 3.1 मध्ये मूळ ओपनजीएलमधून काढूनही टाकलंय. सोपं वाटतं म्हणून त्यावर महिना घालवला की नंतर सगळं परत शिकावं लागतं.

काळी स्क्रीन. "दादा, काहीच दिसून नाही रायलं." हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि जवळ जाऊन बघतो तर पोरानं तोवर कॅमेरा, शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम), मॉडेल अशा चार ठिकाणी बदल करून ठेवलेले असतात, आता मूळ चूक कोणती आणि नंतर घातलेली कोणती ते देवालाच माहीत. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मी वहीवर लिहून घेतो सगळ्यांकडून. माझी सवय अशी की बॅकग्राउंड कधीच काळं ठेवत नाही, जांभळं ठेवतो, म्हणजे मॉडेल काळं पडलं असेल तर निदान त्याचा आकार दिसतो आणि प्रश्न लाइटचा आहे की जागेचा हे तिथंच कळतं. मग फ्रॅगमेंट शेडरमधलं, म्हणजे ठिपक्याचा रंग ठरवणाऱ्या शेडरमधलं, सगळं बाजूला ठेवून सरळ लाल रंग बाहेर काढायचा. लाल दिसलं तर मॉडेल जागेवर आहे. पुढे नॉर्मललाच, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगणाऱ्या बाणालाच, रंग करून बघायचं, निम्मं करून त्यात 0.5 मिळवलं की झालं. शेडरमध्ये प्रिंट नसतं भाऊ, रंग हेच आपलं प्रिंट. आणि शेडर कंपाइल झाला का ते विचारणारी ओळ पोरं धड्यातून कॉपी करताना नेमकी गाळतात, लांब असते म्हणून. तीच सगळ्यात कामाची.

जीएलएम (ओपनजीएलसोबत वापरायची गणिताची लायब्ररी) वापरत असाल तर अजून एक. 0.9.9 पासून रिकामी मॅट्रिक्स (वस्तूची जागा, फिरणं, आकार सांगणारा आकड्यांचा चौकोन) आपोआप आयडेंटिटी, म्हणजे काहीच न बदलणारी, होत नाही, 1.0 द्यावं लागतं. जुन्या धड्यांत दिलेलं नसतं. काळ्या स्क्रीनचं हे कारण मी आत्तापर्यंत किती वेळा बघितलं त्याचा हिशोब नाही.

आता चाकाची गोष्ट, हिच्यावर मी जरा थांबणार आहे.

मागच्या मे महिन्यात बारावीतल्या एका पोरानं शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, गेम करायला घेतला. आमच्याकडे शंकरपट म्हटलं की लहान पोरंसुद्धा जोड्यांची नावं सांगतात, सुप्रीम कोर्टानं 2021 च्या डिसेंबरात परवानगी दिल्यापासून पुन्हा सुरू झालाय, तळेगाव दशासरचा पट तर सगळ्या विदर्भाला ठाऊक. पोरगं हुशार, ब्लेंडरमध्ये (3D मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) बंडी म्हणजे बैलगाडी बनवली ती अगदी घरच्यासारखी, तुंबा (चाकाचा मधला भाग), आरे, वरची लोखंडी धाव सगळं जागच्या जागी. गेम चालू केला आणि चाक जागेवर फिरायच्या ऐवजी निघालं ना फिरायला, कधी जमिनीखाली, कधी बैलांच्या डोक्यावरून. पोरगं म्हणे, "दादा, हे मॉडेलच खराब हाये, दुसरं उतरवू काय?"

मी म्हटलं दाखव कोड. तीन संध्याकाळी त्यानं काय काय केलं होतं! कोनाचं चिन्ह उलटं करून पाहिलं, जागेच्या आकड्यात मायनस घातलं, शेवटी 0.35 असा कुठूनतरी आकडा आणून चिकटवला तर एका विशिष्ट वेगाला चाक साधारण जागेवर असल्यासारखं वाटायला लागलं, आणि त्यावर तो पुढचं काम रचायला बसला होता. याची मला खरंच चीड येते. आकडा कुठून आला ते सांगता येत नसेल तर तो कोडात ठेवायचाच नाही. तो आज चालतो आणि पुढच्या आठवड्यात दुसरी बंडी आणली की मोडतो.

त्याला घेऊन मी बाहेर अंगणात आलो. म्हटलं इथं उभा राहा, आधी जागेवर गिरकी घे आणि मग पाच पावलं सरक. घेतली. आता पाच पावलं आधी सरक, आणि मग या खांबाला दोरी बांधलीय असं समजून खांबाभोवती फिर. निम्म्या फेरीतच थांबला. "म्हणजे खळ्यातला बैल!" बरोबर. खळ्यात तिवड्याभोवती (मधल्या खांबाभोवती) बैल फिरतात तसं त्याचं चाक बंडीच्या ओरिजिनभोवती, म्हणजे शून्य बिंदूभोवती, फिरत होतं, आणि ओरिजिन त्यानं ठेवला होता जुवापाशी, म्हणजे आखापासून चांगला दोन मीटर पुढे. फिरवणं नेहमी ओरिजिनभोवतीच होतं, चाकाला आपला तुंबा कुठंय ते माहीत नसतं. म्हणून चाक ओरिजिनवर असतानाच आधी फिरवायचं, आणि मग उचलून आखावर बसवायचं.

गोंधळ होतो तो इथं, की जीएलएममध्ये लिहायचा क्रम उलटा असतो. कोडात वरून खाली ट्रान्सलेट (सरकवणं), रोटेट (फिरवणं), स्केल (लहान-मोठं करणं) असं लिहायचं, पण बिंदूवर ते खालून वर लागतं, पहिले स्केल, मग रोटेट, शेवटी ट्रान्सलेट. त्यानं रोटेट वर लिहिलं होतं. दोन ओळींची अदलाबदल, तीन संध्याकाळी. शिवाय ब्लेंडरमध्ये चाक बंडीपासून वेगळं करताना चाकाचा ओरिजिनही जुवापाशीच राहिला होता, तो तुंब्यावर आणावा लागला. नुसत्या ओळी बदलल्या असत्या आणि हे राहिलं असतं तर पोरगं म्हटलं असतं की दादाचंही चुकलं.

त्याच कोडात अजून एक होतं, दर फ्रेमला मागच्या फ्रेमच्याच मॅट्रिक्सला थोडं थोडं फिरवत नेणं. दशांशातल्या बारीक चुका साचत जातात आणि खूप वेळानं चाक वाकडं दिसायला लागतं. कोन एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, मॅट्रिक्स दर वेळी कोरी करून बांधा. आणि कोन सेकंदाला किती वाढवायचा? वेग भागिले त्रिज्या. चाकाची त्रिज्या 0.6 मीटर, बैलं सेकंदाला 6 मीटर पळतायत, तर सेकंदाला 10 रेडियन, म्हणजे साधारण दीड फेरी. हा हिशोब कागदावर झाल्याशिवाय मी कीबोर्डला हात लावू देत नाही. रेडियन म्हटलं, डिग्री नाही, जीएलएमला रेडियनच लागतात.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. बैलाला एका दिशेनं जास्त ताणलं, म्हणजे तिन्ही अक्षांवर स्केल वेगळं दिलं, तर नॉर्मलला मॉडेल मॅट्रिक्स नाही चालत, तिच्या इन्व्हर्सची ट्रान्सपोज लागते, नाहीतर उजेड चुकीच्या बाजूला पडतो. टेक्श्चर (मॉडेलवर चिकटवलेलं चित्र) काळं दिसतं? मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान लहान प्रती) बनवलेच नसतील, ओपनजीएल मुळात ते आहेत असं धरून चालतं. फोटो तिरका सांडल्यासारखा दिसतो? आरजीबी फोटोची रुंदी चारच्या पटीत नसेल, अनपॅक अलाइनमेंट (फोटोची ओळ किती बाइटांच्या पटीत धरायची ती सेटिंग) 1 करा. उलटा दिसतो? वाचतानाच उलटा करून घ्या. रंग मळकट येतात तेव्हा लाइट वाढवत सुटू नका, गॅमा (फाइलमधला आकडा आणि खरा उजेड यांचं नातं) बघा: निम्मा उजेड म्हणजे फाइलमधला 128 नाही, 188 च्या आसपास असतो, आणि नॉर्मल मॅप (नॉर्मल साठवणारं चित्र) कधीही एसआरजीबी, म्हणजे गॅमा लावलेला रंगाचा फोटो, म्हणून वाचायचा नाही.

दुसरी मोठी चूक माझी स्वतःची. दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला मीही पटच केला होता. काळी माती, तिच्यावर दोन सेंटीमीटर वर फक्कीच्या पांढऱ्या रेघा. कॅमेरा बैलाच्या फार जवळ गेला की शिंग कापलं जायचं, म्हणून मी नीअर प्लेन (कॅमेऱ्यापासून ज्याच्या अलीकडचं दिसत नाही ती हद्द, मीटरमध्ये) 0.1 वरून 0.001 वर आणलं, शिंग दिसायला लागलं, मी खूश. दोन दिवसांनी लांबच्या रेघा लुकलुकायला लागल्या, कधी माती वर, कधी फक्की. मी टेक्श्चर बदललं, ड्रायव्हर दोनदा टाकला, तीन रात्री त्यात घातल्या. शेवटी परीक्षकांनी विचारलं हे काय लुकलुकतंय, तर मी म्हणालो ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे सर. ते उत्तर चुकीचं होतं आणि ते मला आजही टोचतं.

खरं कारण असं. 24 बिटांच्या डेप्थ बफरमध्ये (काय किती लांब आहे ते साठवणारी जागा) 1 कोटी 67 लाखांच्या वर खण असतात, पण ते सारखे वाटलेले नसतात, जवळ गच्च आणि लांब विरळ. नीअर 0.1 असेल तर 10 ते 20 सेंटीमीटर एवढ्याशा जागेतच निम्मे खण जातात. 0.001 केलं की निम्मे खण पहिल्या एका मिलिमीटरच्या फटीत. मग 100 मीटरवर एक खण जवळजवळ 60 सेंटीमीटर जाड पडतो, त्यात माती आणि दोन सेंटीमीटर वरची फक्की एकाच खणात. 0.1 ला तोच खण 6 मिलिमीटरचा होतो आणि रेघ शांत बसते. फार प्लेन (लांबची हद्द) कमी करून यात जवळपास काही फरक पडत नाही, पोरं तेच आधी करतात. नीअर जेवढं पुढे सरकवता येईल तेवढं सरकवा, मी मैदानी गेमला 0.5 वरून सुरुवात करतो, आणि शिंग कापत असेल तर कॅमेराच बैलाजवळ जाऊ देत नाही.

शेवटी वेगाचं. डेल्टा टाइम (मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ) न वापरता दर फ्रेमला ठरावीक अंतर पुढे नेलं की एका लॅपटॉपवर जोडीला जेवढा वेळ लागतो, दुसऱ्यावर तीच जोडी त्याच्या निम्म्या वेळात पोचते, आणि पटात सगळा खेळ सेकंदाचाच. आणि मे महिन्यात दुपारी गेम हळू झाला म्हणून कोडावर घसरू नका. बाहेर 45 डिग्री, लॅपटॉप गादीवर ठेवलेला, प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. लाइट गेली की बॅटरीवर अजूनच कमी. मागच्या वर्षी एका पोरीनं याच नादात झाडांची सगळी पानं काढून टाकली होती, पऱ्हाटीला नुसत्या काड्या. मी तिला पहाटे साडेपाचला बोलावलं, लॅपटॉप दोन विटांवर ठेवला, चार्जर लावला, तोच जुना कोड चालवला. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) नाही, मिलिसेकंद मोजले. सेकंदाला 60 फ्रेमसाठी एका फ्रेमला 16.67 मिलिसेकंद मिळतात, तिची फ्रेम चौदात बसत होती. पानं त्याच सकाळी परत लावली.