दुर्बिणीची तपासणी नीट व्हावी म्हणून: आदल्या आठवड्यापासून अहवाल हाती येईपर्यंत

शौचाच्या वेळी रक्त दिसले की आपल्याकडे पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: मूळव्याध. मग एसटी स्थानकाच्या भिंतीवर रंगवलेला खात्रीशीर इलाज, औषधाच्या दुकानातून आणलेले मलम आणि शेजाऱ्यांनी सुचवलेले चूर्ण यांत तीन-चार महिने सहज निघून जातात. बहुतेकांना खरोखरच मूळव्याध असते. परंतु मूळव्याध असलेल्या माणसाच्या मोठ्या आतड्यात दुसरेही काही असू शकते आणि केवळ रक्ताच्या रंगावरून ते ओळखता येत नाही. ते पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे दुर्बिणीची तपासणी, आणि तिचा उपयोग किती होईल हे बऱ्याच अंशी रुग्णाने घरी केलेल्या तयारीवर ठरते.

बोलीभाषेत 'एंडोस्कोपी' म्हणतात ती तोंडावाटे केलेली तपासणी. तिच्यात अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग दिसतो. नळी साधारण करंगळीएवढी जाड असते आणि काम पाच ते पंधरा मिनिटांत होते. गुदद्वारावाटे केली जाणारी ती कोलोनोस्कोपी. सुमारे दीड मीटर लांबीचे संपूर्ण मोठे आतडे पाहण्यासाठी तिला अर्धा तास, कधी थोडा अधिक वेळ लागतो. काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेण्याचे तंत्र 1954 साली जगापुढे मांडणाऱ्या दोघा संशोधकांपैकी नरिंदरसिंग कपानी हे पंजाबातील मोगा येथे जन्मलेले होते. आजच्या नळीच्या टोकाशी मात्र कॅमेराच असतो आणि चित्र थेट पडद्यावर दिसते.

तपासणी कोणी करून घ्यावी

लक्षणे असताना केलेली तपासणी आणि काहीही त्रास नसताना केलेली चाळणी तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच, गिळताना घास अडकणे, प्रयत्न न करता घटलेले वजन, शौचाच्या सवयीत आठवडे टिकलेला बदल, तसेच चाळिशीनंतर कारण न सापडलेला लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय, विशेषतः पुरुषांमधील, यांपैकी काही असल्यास वयाचे गणित न मांडता पोटविकारतज्ज्ञांना भेटावे. 'हिमोग्लोबिन कमी आहे, गोळ्या घ्या' एवढ्यावर थांबलेले उपचार ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे, कारण रक्त कुठे जाते आहे हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही.

त्रास नसलेल्यांसाठी अमेरिकेत 2021 पासून मोठ्या आतड्याची चाळणी 45 व्या वर्षी सुरू करण्याची शिफारस आहे. भारतात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे आणि आपल्या सरकारी चाळणी कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा समावेश आहे, मोठ्या आतड्याचा नाही. त्यामुळे सरसकट प्रत्येकाने कोलोनोस्कोपी करून घ्यावी, असे मी म्हणणार नाही. मात्र आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला आजार कळला त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा तपासणी करावी, असा सर्वमान्य संकेत आहे. वडिलांचे निदान 46 व्या वर्षी झाले असेल, तर मुलाची वेळ 36 व्या वर्षी येते.

दुर्बिणीची भीती वाटत असेल, तर शौचातील अदृश्य रक्त शोधणारी 'फिट' चाचणी दरवर्षी करता येते. तिच्यात रक्त आढळले तर कोलोनोस्कोपी टळत नाही, आणि रक्त डोळ्यांना दिसत असेल तर त्या चाचणीला अर्थ उरत नाही.

कोलोनोस्कोपीचे वेगळेपण असे, की ती आजार शोधते तशी टाळतेही. आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या लहान गाठींना पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात, काहींचा मात्र दहा-एक वर्षांत कर्करोग होऊ शकतो, आणि असा पॉलिप त्याच बैठकीत तारेच्या फासाने काढून टाकता येतो. मूळव्याधीच्या 'मोडा'शी याची गल्लत करू नये, कारण ती सुजलेल्या रक्तवाहिन्यांची गोष्ट आहे.

औषधांची यादी, एक आठवडा आधी

तारीख ठरताच रोज घेतली जाणारी सर्व औषधे, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णांसह, कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ही यातील सर्वांत नाजूक बाब होय. हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाने क्लोपिडोग्रेल, किंवा झडप बदललेल्या रुग्णाने वॉरफॅरिन स्वतःच्या मनाने बंद केल्यास तपासणीपेक्षा मोठे संकट ओढवू शकते, म्हणून हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व पोटविकारतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलूनच घ्यायचा असतो. कमी मात्रेची ॲस्पिरिन सहसा चालू ठेवली जाते.

लोहाच्या गोळ्यांमुळे शौच काळी व चिकट होते आणि आतड्याची भिंत झाकली जाते, म्हणून त्या पाच ते सात दिवस आधी थांबवतात. इसबगोलही थांबवावे. मधुमेहींनी उपाशी काळात गोळ्या व इन्सुलिन किती घ्यायचे, हे लिहून घ्यावे. डापाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या साधारण तीन दिवस आधी बंद करण्यास सांगितले जाते, आणि वजन किंवा साखरेसाठी सेमाग्लुटाईड घेत असल्यास तेही सांगावे, कारण त्याने जठरात अन्न रेंगाळते. तोंडावाटे तपासणी करून हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा शोध घ्यायचा असेल, तर पँटोप्राझोलसारख्या आम्लनाशक गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे आधीपासून बंद असावी लागतात, अन्यथा जिवाणू असूनही चाचणी तो नाही असे सांगू शकते.

आहार: उपवासाचा घोळ

कोलोनोस्कोपीच्या दोन-तीन दिवस आधीपासून चोथा कमी असलेले अन्न घ्यायचे असते. पांढरा भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, इडली, मैद्याचा पाव, सोललेला उकडलेला बटाटा, अंडे हे चालते. भाकरी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, पेरू, टोमॅटो, वांगी, डाळिंब, तीळ, खसखस, ओले-सुके खोबरे हे सर्व टाळावे. बिया आणि साली जुलाबाच्या औषधाने पूर्ण वाहून जात नाहीत आणि नळीच्या शोषणमार्गात अडकतात.

'तपासणी आहे म्हणून उपवास करतो' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि शेंगदाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, भगर आणि दाण्याची आमटी खाऊन तयारी बिघडवतात. एकादशीचा उपवास आणि आतड्याचा उपवास यांचा काही संबंध नाही. निर्जळी उपवास तर उघड धोक्याचा आहे, कारण जुलाबाने शरीरातील पाणी जाणारच असते.

आदल्या दिवशी फक्त पातळ, आरपार दिसणारे पदार्थ घ्यावेत: पाणी, शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, डाळीचे गाळलेले पाणी, कोरा चहा, गर नसलेला सफरचंदाचा रस. काही केंद्रे सकाळी हलका नाश्ता चालवतात, तिथे केंद्राची सूचना प्रमाण मानावी. कोकम सरबत, सोलकढी, बीट आणि लाल रंगाची सरबते वर्ज्य समजावीत, कारण आतड्यात राहिलेला त्यांचा रंग रक्तासारखा भासतो.

औषध पिण्याची रात्र

आतडे धुण्यासाठी बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड देतात. एक पाकीट सहसा दोन लिटर पाण्यात मिसळले जाते. तपासणी सकाळी असल्यास अर्धे औषध आदल्या संध्याकाळी आणि उरलेले तपासणीच्या चार ते सहा तास आधी, म्हणजे प्रसंगी पहाटे तीनला उठून घ्यावे लागते. झोपमोड नको म्हणून सगळे औषध रात्रीच संपवण्याचा मोह होतो. तसे केल्यास सकाळपर्यंत लहान आतड्यातून आलेला पित्तमिश्रित चिकट थर मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर बसतो आणि तिथले चपटे पॉलिप नेमके त्याखाली लपतात. पहाटेचा गजर लावावा.

चव खारट आणि तेलकट असते. द्रावण फ्रिजमध्ये थंड करून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला या गतीने, स्ट्रॉने घेतल्यास सुसह्य होते. मळमळ वाटल्यास अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करावे. गोडीसाठी साखर किंवा सरबताचा अर्क घालण्याआधी विचारून घ्यावे. एरंडेल किंवा घरगुती रेचक हा या औषधाला पर्याय नाही. फॉस्फेटयुक्त रेचके मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना अपायकारक ठरू शकतात, म्हणून दुकानदाराने सुचवलेली दुसरी बाटली परस्पर घेऊ नये.

आता माहितीपत्रकांत सहसा न सापडणाऱ्या काही गोष्टी. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल, तर पिंप आधीच भरून ठेवावे. वयस्कर व्यक्तीला त्या रात्री दहा-बारा वेळा जावे लागते, आणि गुडघे दुखत असतील तर भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर हा प्रकार असह्य होतो, म्हणून कमोडची खुर्ची भाड्याने आणणे शहाणपणाचे. दाराची कडी आतून लावू देऊ नये, कारण चक्कर येऊन पडण्याचा संभव असतो. गुदद्वाराभोवती व्हॅसलिन सुरुवातीपासूनच लावावे, जळजळ सुरू झाल्यावर ते फारसे कामी येत नाही.

शेवटच्या फेऱ्यांत शौच लघवीसारखी पिवळसर आणि आरपार स्वच्छ दिसली पाहिजे. पेजेसारखी गढूळ किंवा तपकिरी असेल, तर केंद्रात पोहोचताच परिचारिकेला सांगावे. संकोचाने गप्प बसल्यास अर्धवट तपासणी होते आणि सगळे पुन्हा करावे लागते.

तपासणीच्या दिवशी

तोंडावाटे तपासणीसाठी सहा ते आठ तास पोट रिकामे असावे लागते. साधे पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालते. सकाळची तंबाखू, मिश्री किंवा पान घेऊन जाऊ नये. कवळी, दागिने आणि नखांचा रंग काढून ठेवावा. पेसमेकर, गरोदरपण, दमा, हलणारे दात, भुलीचा पूर्वी झालेला त्रास हे न विचारताही सांगावे. संमतीपत्र वाचूनच सही करावी आणि पॉलिप सापडल्यास तो लगेच काढणार का, हे तेव्हाच विचारून घ्यावे.

घशात लिग्नोकेनचा फवारा मारल्यावर घसा सुजल्यासारखा वाटतो आणि गिळता येत नाही असे भासते. तो केवळ बधिरपणा असतो. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये कडे ठेवतात आणि नळी पुढे सरकते तेव्हा एकदोनदा उमासा येतो. नळी अन्ननलिकेतून जाते, श्वासनलिका मोकळीच असते. लाळ न गिळता बाहेर ओघळू द्यावी आणि नाकाने संथ श्वास घेत राहावे.

कोलोनोस्कोपी बहुधा गुंगीच्या औषधाखाली होते. प्रोपोफॉल देणार असतील, तर श्वास व नाडीवर स्वतंत्रपणे लक्ष ठेवणारे भूलतज्ज्ञ हजर असतील का, हे विचारण्यात गैर काही नाही. आतडे उघडण्यासाठी हवा किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून नंतर पोट फुगते. वायू मोकळेपणाने जाऊ द्यावा, तिथे सगळेच त्यासाठी आलेले असतात. तुकडा तपासणीसाठी घेतल्याचे दुखत नाही, कारण अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. तुकडा घेतला म्हणजे कर्करोगाचा संशय आहे, असेही समजू नये. लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी व्रण दिसल्यास आपल्याकडे क्षयरोग आणि क्रोन्हचा आजार (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा विकार) यांतील फरक ठरवण्यासाठी तुकडा घ्यावाच लागतो.

गुंगी घेतल्यावर 24 तास वाहन चालवू नये आणि महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये. सोबत घरचे माणूस हवेच. डॉक्टरांनी शुद्धीवर आल्यावर सांगितलेले बरेचसे आठवत नाही, त्यामुळे ऐकणारे दुसरे कान लागतात.

पहिले जेवण मऊ भात-वरणाचे असावे. दोन-तीन दिवस शौच न होणे स्वाभाविक आहे. साध्या कोलोनोस्कोपीत आतड्याला छिद्र पडण्याचा धोका हजारात एकाहून कमी असतो, तरी वाढत जाणारी पोटदुखी, कडक झालेले पोट, ताप किंवा वारंवार रक्त पडणे यांपैकी काही झाल्यास रात्र न घालवता रुग्णालय गाठावे. पॉलिप काढलेल्या जागेतून दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मोठा पॉलिप काढला असल्यास त्या काळात दवाखाना दूर असेल अशा ठिकाणी जत्रेला किंवा लग्नाला जाणे टाळावे.

अहवाल

अहवालात दोन गोष्टी आधी पाहाव्यात. नळी मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत, पोहोचली का, आणि आतडे किती स्वच्छ होते. स्वच्छतेसाठी 'बॉस्टन' मोजपट्टी वापरतात. तीन भागांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण मिळतात आणि प्रत्येक भागाला किमान दोन गुण असल्यास तपासणी विश्वासार्ह धरतात. 'सर्व काही ठीक' असे लिहिलेला, पण उजव्या भागाला एकच गुण दिलेला अहवाल निश्चिंत करणारा नसतो. पुढची तपासणी लवकर करायची का, हे त्याच भेटीत विचारावे.

पॉलिप काढला असल्यास सूक्ष्मदर्शकाचा अहवाल येईपर्यंत फाइल बंद करू नये. 'ॲडिनोमा', म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या प्रकारचा पॉलिप, असे लिहिले असेल, तर पुढील तपासणी संख्या व आकारानुसार ठरते: एक-दोन लहान असल्यास सात ते दहा वर्षांनी, दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असल्यास साधारण तीन वर्षांनी. कर्करोग किंवा असा मोठा ॲडिनोमा निघाला असेल, तर अहवालाची एक प्रत सख्ख्या भावंडांना आणि मुलांना द्यावी, म्हणजे त्यांच्या डॉक्टरांना त्यांच्या तपासणीचे वर्ष ठरवता येते.