बारावीनंतरची प्रवेश परीक्षा कशी निवडावी?

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या अनेक घरांत पहिली चर्चा मुलाला शिकवणीसाठी लातूरला ठेवायचे की नांदेडला, याची होते. परीक्षा कोणती द्यायची हा प्रश्न मागे पडतो. खरे तर क्रम उलटा असावा: आधी अभ्यासक्रम, मग त्याला लागणारी परीक्षा आणि शेवटी शिकवणी.

एमबीबीएस, बीडीएस आणि बीएएमएस यांचा रस्ता केवळ नीट या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेतून जातो. जीवशास्त्र गटाची एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, दिली म्हणजे वैद्यकीयचा पर्याय खुला राहिला, असा गैरसमज पालकांमध्ये आजही आढळतो. त्या सीईटीचा उपयोग औषधनिर्माणशास्त्र, कृषी यांसारख्या अभ्यासक्रमांसाठी आहे, त्यामुळे परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे ओढा असलेल्या मुलाने ती गांभीर्याने द्यावी. अभियांत्रिकीसाठी राज्यातील महाविद्यालयांच्या बहुतेक जागा सीईटीवर भरल्या जातात. एनआयटीसाठी जेईई मेन ही देशपातळीवरील परीक्षा आणि आयआयटीसाठी त्यापुढची जेईई अॅडव्हान्स्ड आवश्यक असते.

जेईई आणि सीईटी यांच्यात निवड करताना कागदावर हिशेब मांडावा. जेईई मेनमध्ये १८० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. सीईटीत तेवढ्याच वेळात १५० प्रश्न असतात, पण चुकीला दंड नाही. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे असून त्यांसाठी ९० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही नाहीत. ज्या मुलाला प्रश्नाच्या मुळाशी जायला आवडते, त्याला जेईईची पद्धत मानवते. ज्याचे राज्य मंडळाचे पुस्तक पक्के आहे आणि हात वेगाने चालतो, त्याला सीईटी. हे ओळखण्यासाठी अकरावीच्या शेवटी दोन्हींच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतील शिकून झालेल्या धड्यांचे प्रश्न घड्याळ लावून सोडवून घ्यावेत आणि किती प्रश्न वेळेअभावी राहिले व किती संकल्पना न समजल्याने चुकले, हे वेगवेगळे मोजावे. शिकवणीच्या चाचणीतील क्रमांकापेक्षा मला ही मोजणी अधिक भरवशाची वाटते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येते. सीईटीचा गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो, म्हणून गणिती संज्ञा अकरावीपासून इंग्रजीत वाचण्याची सवय लावावी. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवून नीट व जेईई एकत्र करण्याचा आग्रह मुलाने स्वतः धरला नसेल, तर पालकांनी धरू नये. खोली आणि मेसच्या खर्चाइतकाच त्याचा वेळही मोलाचा आहे.

आरक्षित प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज महाविद्यालयामार्फत वेळीच करावा. प्रवेश फेरीच्या तोंडावर त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालावे लागतात आणि चांगल्या गुणांवर मिळणारी जागा कागदापायी हातची जाऊ शकते.