बाळाचं कॅरिअर कसं निवडावं: आधी टेप, मग रंग

आपल्या फुटपाथवरून एकदा बाबागाडी ढकलून बघितली की कॅरिअर, म्हणजे बाळ अंगाशी बांधून न्यायचं साधन, कशाला हवं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. स्टेशनचा पूल, लिफ्ट नसलेला तिसरा मजला, मंडई, गणपतीतली गर्दी. बाळ अंगाशी बांधलेलं असलं की दोन्ही हात मोकळे राहतात आणि बाळही शांत असतं. लुगड्यानं किंवा फडक्यानं लेकरू पाठीशी बांधून कामाला लागणाऱ्या बायका आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, त्यामुळे हे परदेशी फॅड आहे असंही कुणी म्हणू नये.

अडचण येते ती खरेदी करताना. काहीशे रुपयांपासून दहा हजारांच्या पुढेपर्यंत कॅरिअर मिळतात आणि जाहिरातीतलं प्रत्येक बाळ हसतच असतं. म्हणून दुकान किंवा ॲप उघडण्याआधी थोडी तयारी घरीच करा.

१. आधी बाळ बघा

पहिला प्रश्न वयाचा नाही, मानेचा. बाळ मान कधी धरतं? साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, पण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. मान धरेपर्यंत डोक्याला आणि पाठीला पूर्ण आधार देणारं, बाळ उभं आणि तोंड तुमच्याकडे ठेवणारंच कॅरिअर हवं. पाठुंगळीचा विचार बाळ नीट बसायला लागल्यावर.

दुसरा प्रश्न वजनाचा. बऱ्याच बकलवाल्या कॅरिअरवर किमान वजन साडेतीन किलोच्या आसपास लिहिलेलं असतं. आपल्याकडे अडीच-पावणेतीन किलोची बाळं सर्रास जन्मतात, तेव्हा ‘नवजात बाळापासून’ या दोन शब्दांवर विसंबू नका, लेबलवरचा आकडा वाचा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, खूप कमी वजनाचं असेल किंवा श्वासाचा त्रास असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीच घेऊ नका.

२. मग घेणारा कोण, ते ठरवा

आई एकटीच घेणार की बाबा आणि आजीही? रॅप, म्हणजे साधारण पाच मीटरचं लांब कापड, कुणाच्याही अंगाला बसतं, पण ते गुंडाळायला शिकावं लागतं. होजिअरीसारखं ताणलं जाणारं रॅप पहिल्या काही महिन्यांत फार मऊ आणि सुखाचं वाटतं. बाळ जड झालं की मात्र ते खाली ओघळायला लागतं. मे महिन्यात मुंबईत किंवा पणजीत त्याचे तीन थर अंगावर घेऊन बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

रिंग स्लिंग म्हणजे दोन कड्यांतून ओवलेलं, एका खांद्यावरून जाणारं कापड. एकच थर, त्यामुळे आपल्या हवेला उत्तम. पाजायला सोपं, पिशवीत मावतं, आणि बाळ कडेवर घ्यायचं झालं तर याच्यासारखं दुसरं नाही. तोटा एकच: सगळा भार एका खांद्यावर येतो. मानेचं किंवा खांद्याचं दुखणं असेल त्यांनी ते दिवसभरासाठी घेऊ नये.

बकलचं कॅरिअर घालायला सर्वांत सोपं, भार दोन्ही खांद्यांवर आणि कमरेवर वाटला जातो. घरातले दोघं-तिघं वापरणार असतील तर हेच घ्या, फक्त पट्टे पुरेसे लहान-मोठे होतात का ते बघा. सिझेरियन झालं असेल तर कमरेचा पट्टा टाक्यांवर येता कामा नये. तो वर बांधता येतो का हे घालूनच कळतं, आणि बांधायला कधी सुरुवात करायची हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं.

झोळीसारखं, ज्यात बाळ आडवं मुटकुळं करून झोपतं, ते मी कुणालाच सुचवणार नाही. त्यात बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि आधीच नाजूक असलेली श्वासनलिका दबते. बाळ रडतही नाही, त्यामुळे कळत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल इशारा दिला, तेव्हा आधीच्या वीस वर्षांतले १४ मृत्यू त्यांच्या नोंदीत होते आणि त्यांपैकी १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती.

३. टेप काढा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. बाळाला उताणं ठेवा, पाय बेडकासारखे दुमडून बाजूला फाकू द्या. शिवणाचा टेप एका गुडघ्यामागच्या लवणीपासून ढुंगणाखालून दुसऱ्या लवणीपर्यंत न्या. जो आकडा येईल, तेवढी रुंद कॅरिअरची बैठक हवी. अरुंद असेल तर मांड्या लोंबकळतात आणि सगळा भार जांघेवर येतो. फार रुंद असेल तर पाय जबरदस्तीनं फाकतात. बाळ वाढत जाणार, म्हणून बैठक कमी-जास्त करता येणारं कॅरिअर पैशाला परवडतं.

नीट बसलेल्या बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर असतात, समोरून इंग्रजी एम अक्षर दिसतं. इंटरनॅशनल हिप डिस्प्लेजिया इन्स्टिट्यूट ही खुब्याच्या विकारांवर काम करणारी संस्था पहिले सहा महिने अशीच बैठक सुचवते. बाळ पायाळू असेल किंवा घरात कुणाला खुब्याचा त्रास असेल, तर जास्तच लक्ष द्या.

आजी म्हणणार, ‘पाय फेंगडे होतील.’ होत नाहीत. उलट पाय सरळ ओढून दुपट्यात करकचून गुंडाळणं खुब्याला वाईट. गुंडाळायचंच तर छातीपर्यंत गुंडाळा, पाय हलायला मोकळे ठेवा.

४. कापड, कड्या, शिवण

सुती किंवा लिननचं, घट्ट विणीचं कापड घ्या. जाळीचं अस्तर चालेल, जाड फोम नको. रिंग स्लिंगच्या कड्या अखंड हव्यात, जोड दिलेल्या नकोत. घरी शिवणार असाल तर हार्डवेअरच्या दुकानातली कडी वापरू नका, स्लिंगसाठीच बनवलेल्या मिळतात. बकलची शिवण उलटून बघा: टाक्यांच्या दोन-तीन आडव्या-उभ्या ओळी दिसल्या पाहिजेत. फार स्वस्तात मिळणारी नामांकित कंपन्यांची नक्कल इथेच ओळखू येते.

५. घालून बघा

आल्या आल्या लेबल कापू नका. पहिल्यांदा पाच किलो तांदळाची पिशवी बांधून घरात फेऱ्या मारा. खांदा कुठे काचतो, पट्टा कुठे सरकतो ते लगेच कळतं. मग पोट भरलेलं, झोप झालेलं बाळ घ्या, पलंगाजवळ उभं राहून, शेजारी कुणीतरी असताना.

बाळ बसलं की तपासा. मान जरा खाली केली की टाळूचा पापा घेता आला पाहिजे. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये तुमची दोन बोटं सहज जावीत. नाक-तोंड उघडं, कापड चेहऱ्यावर नाही. तुम्ही थोडं वाकलात तर बाळ तुमच्यापासून सुटू नये. सुटत असेल तर पट्टे सैल आहेत. पाजून झालं की बाळाला पुन्हा वर घ्या, तसंच झोपू देऊ नका.

कॅरिअर हा स्वतःच कपड्याचा एक थर असतो. टोपडं, स्वेटर, वर दुपटं असं लादू नका, मानेमागे हात लावून घाम बघत राहा. तोंड बाहेर करून घेणं मान पक्की झाल्यावर, तेही थोडा वेळ, आणि डोळे मिटायला लागले की परत आत.

कुठे घालू नये

गॅसपुढे नाही, हातात गरम चहा असताना नाही. खाली पडलेली वस्तू उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे दुमडून बसा.

आणि स्कूटर. कॅरिअरमध्ये बाळ बांधून दुचाकीवर बसलेली जोडपी पुण्यात रोज दिसतात. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर सेफ्टी हार्नेस, म्हणजे मुलाला चालकाशी बांधणारे पट्टे, आणि नऊ महिन्यांपासून हेल्मेट लागतं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. बाळाचं कॅरिअर म्हणजे तो हार्नेस नव्हे. गाडीतही ते कार सीटचं काम करत नाही. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला दुचाकीवर नेऊच नका, बस किंवा रिक्षा बघा.