न्यूट्रॉन डिटेक्टरच्या कामात येताय? आधी गॅमाशी ओळख करून घ्या

या क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न मटेरियलचा विचारतात. माझ्या मते तो दुसरा. पहिला प्रश्न असा की, काउंटरवर दिसणारा आकडा न्यूट्रॉनचाच आहे, सोबत येणाऱ्या गॅमा किरणांचा नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता?

न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, त्यामुळे तो थेट सिग्नल देत नाही. एखाद्या अणुकेंद्रकाने त्याला गिळायचं आणि त्यातून सुटलेले भारित कण आपण पकडायचे. हेलियम-३ हा वायू यात बादशहा, पण तो मुख्यतः ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो. २००८-०९ च्या सुमारास त्याची मोठी टंचाई झाली आणि सगळे पर्यायांच्या मागे लागले. आज चालू असलेलं बरंचसं काम त्यातूनच सुरू झालं.

बोरॉन-१० चा लेप हा त्यातला एक लाडका पर्याय. लेप जाड केला की जास्त न्यूट्रॉन पकडले जातील, असं कुणालाही वाटेल. पकडले जातातही, पण त्यातून सुटणारे अल्फा कण (हेलियमचं केंद्रक) आणि लिथियमचं केंद्रक बोरॉनमध्ये जेमतेम काही मायक्रॉन जातात, जाड लेपातून बाहेरच येत नाहीत. त्यामुळे सरळ येणाऱ्या थर्मल, म्हणजे मंदावलेल्या, न्यूट्रॉनसाठी एका थराची कार्यक्षमता पाचेक टक्क्यांच्या आतच राहते. मग थरांवर थर रचा, नाहीतर थर तिरका ठेवा.

खरी डोकेदुखी पुढे आहे. ही दोन केंद्रकं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला उडतात, म्हणजे लेपाबाहेरच्या वायूत, जिथे सिग्नल तयार होतो, पोचतं ते एकच. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे ऊर्जेनुसार मोजणीच्या आलेखात, १.४७ आणि ०.८४ एमईव्हीशी (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) दोन पायऱ्या दिसतात, आणि लेपातच ऊर्जा गमावून बसलेल्या कणांची शेपटी थेट शून्यापर्यंत उतरते. नेमकं तिथेच गॅमा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा नॉइज ठाण मांडून असतात. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याखालचे सिग्नल मोजायचेच नाहीत ती मर्यादा, वर नेला की न्यूट्रॉन जातात, खाली आणला की गॅमा घुसतात. हा सौदा कुठे तोडायचा, यावर डिटेक्टरचा दर्जा ठरतो.

पडताळणीला कॅडमियमचा मिलिमीटरभर पत्रा हाताशी ठेवा. साधारण ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचे न्यूट्रॉन तो अडवतो. डिटेक्टर त्यात गुंडाळून मोजणी किती घसरते ते बघा. मात्र न्यूट्रॉन गिळताना कॅडमियम स्वतः गॅमा सोडतं, तेव्हा उरलेल्या मोजणीचा अर्थ लावताना जपून.

सिम्युलेशन शिकाच, पण ऑसिलोस्कोपवर पल्स ओळखायला आल्यावर. नाहीतर भिंतींवरून परतणारे न्यूट्रॉन मॉडेलमधून गळतात आणि उत्तर मात्र देखणं येतं. न्यूट्रॉनचा सोर्स म्हणून कॅलिफोर्नियम-२५२ वापरत असाल तर प्रमाणपत्रावरची तारीख आधी वाचा. त्याचा अर्धायुकाल जेमतेम २.६५ वर्षं आहे. आणि सोर्सच्या परवानगीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका, लेप तयार होण्याची वाट बघू नका.